नदी उलटी धरून उटीला

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याहून उंचीवर जायचं, तर माण नदी उलटी धरावी. नदी म्हणायचं ते सवयीनं. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळू आणि वेड्या बाभळीच दिसतात. पण उतार खरा आहे. माण तालुक्यात कुळकजाईजवळच्या सीतामाईच्या डोंगरात ती उगम पावते, म्हसवड आणि आटपाडीच्या अंगानं सांगोल्यात येते आणि पुढे पंढरपूरच्या खाली भीमेला मिळते. पाण्यानं जी वाट उतरायची, ती आम्ही चढायला घेतली, त्याला निमित्त माझ्या भाच्याचं.

भाचा पोलीस भरतीच्या तयारीत आहे. भरतीत मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८०० मीटर, आणि मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० या एका धावण्यावर असतात. त्याचे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आसपास होत होते आणि तिथंच अडकले होते. मोबाइलवर त्यानं केनियाचे धावपटू पाहिले, त्यांचं इटेन गाव २४०० मीटर उंचीवर आहे हे वाचलं, आणि एका रात्री जेवताना म्हणाला, “मामा, महिनाभर उंचीवर जाऊन पळलं की रक्त वाढतं. खाली आल्यावर माणूस उडतोच.” मला नीलगिरीत उटीला जायचंच होतं. म्हटलं, चल, वाटेत बघत जाऊ किती वाढतं ते.

पहाटे पाचला सांगोल्याच्या बाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं तर अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. भरतीची पोरं-पोरी. कुणाच्या पायात बरे बूट, कुणाच्या पायात बाजारातले साधे, एक-दोघं अनवाणी. मागून मोटारसायकलवर शिट्टी घेऊन अकॅडमीचे सर. या गावाची ओळख बाहेर डाळिंबामुळे आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती इथून, थेट बंगालच्या शालिमारला. राजकारण पाहणाऱ्यांना गाव गणपतराव देशमुखांमुळे ठाऊक असतं. ते शेतकरी कामगार पक्षाकडून अकरा वेळा इथून आमदार झाले. पण पहाटेचं सांगोला या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ते पळत असतं.

गावाची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आतबाहेर. एवढ्या उंचीवर शरीराला काही कळत नाही. हवेचं काम असं असतं: आपल्या डोक्यावर हवेच्या वाकळांची चळत रचलेली आहे, आणि जो तळाला झोपलाय त्याच्यावर सगळा भार. समुद्राकाठी हा भार ७६० मिलिमीटर पाऱ्याएवढा. वर चढावं तसा तो कमी होतो. हवेत प्राणवायूचं प्रमाण मात्र सगळीकडे तेच, साधारण २१ टक्के. ‘वर प्राणवायू कमी असतो’ असं आपण म्हणतो, ते टक्क्यांच्या हिशेबानं खरं नाही. तिथं त्याला फुप्फुसातून रक्तात ढकलणारा दाब कमी असतो. प्राणवायूच्या वाट्याचा दाब समुद्राकाठी १५९ मिलिमीटर, सांगोल्यात सुमारे १५०. पुढच्या प्रवासात हा आकडा भाच्यानं वहीत लिहीत आणला.

दिघंचीवरून म्हसवडला आलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस माळ, मध्येच शेततळ्याच्या निळ्या कागदाचा तुकडा, मेंढरं. हा माणदेश. पाऊस इथं पाहुण्यासारखा येतो असं लोक म्हणतात, आणि त्यात तक्रारीपेक्षा सरावच जास्त असतो. याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. शाळेत खो-खो खेळायची, मग धावायला लागली, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, आणि नंतर ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली. स्टीपलचेस म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. दुष्काळी गावची मुलगी पाण्याचा खड्डा ओलांडण्यात नाव काढते, यावर तिकडची माणसं हसत हसत बरंच बोलतात. २०१५ मध्ये ती आशियाई विजेती झाली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची, म्हणजे १९८४ नंतरची, ती पहिली भारतीय महिला. वर्तमानपत्रांनी तिला ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हटलं.

भाच्याचा सवाल रास्त होता. “ती इथं पळूनच एवढी झाली ना? मग उंची कशाला?”

उत्तर असं की ती इथं घडली आणि पुढे उटीत तासली गेली. रिओच्या आधी ती बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली होती, आणि त्या गटाचा मोठा सराव उटीला व्हायचा. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत, जिनं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्य मिळवलं, तीही पुढे या वाटेनं उटीला गेलेली. पाया गावात, शेवटचा हात डोंगरावर. हा क्रम महत्त्वाचा आहे आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत नेमका तोच गळतो.

दहिवडीवरून शिंगणापूरच्या डोंगराकडे नजर टाकली आणि साताऱ्याला उतरलो. साताऱ्यात पहाटे यवतेश्वरच्या घाटात गेलं तर वळणावळणावर पळणारे भेटतात. सातारा हिल मॅरेथॉन याच घाटातून वर जाते आणि परत येते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीनं गावाला पळायची चटक लावली. भाचा घाट चढून वर आला तेव्हा धापा टाकत होता, पण खूश होता. “लागतंय मामा, हवा पातळ लागतेय.”

त्याला जे लागत होतं तो चढ होता. घाटाच्या पुढचं कास पठारही बाराशे मीटरच्या आसपासच. चढावर पळलं की मांड्या, पोटऱ्या आणि हृदय यांना जो ताण पडतो तो उत्तमच, त्यासाठी यवतेश्वरसारखी जागा नाही. पण रक्तावर परिणाम व्हायला चढ नव्हे, उंची लागते, आणि तीही मुक्कामाची. मग महाबळेश्वरला गेलो. विल्सन पॉइंट १४३९ मीटर, महाबळेश्वर पठारावरची सर्वांत उंच जागा. वहीत आकडा पडला: गावाच्या उंचीवर प्राणवायूचा दाब साधारण १३५. भाच्यानं बोटाला ऑक्सिमीटर लावला. कोरोनात घेतलेलं ते यंत्र प्रत्येक घरात कपाटात पडून आहे, आम्ही ते सोबत घेतलं होतं. सांगोल्यात ९८, महाबळेश्वरात ९७. तो हिरमुसला.

इथं महाराष्ट्राची एक अडचण सांगायला हवी. शरीरानं रक्त वाढवायला घ्यावं एवढी उंची दोन हजार मीटरच्या आसपास सुरू होते. काही जण अठराशेपासून धरतात. आपलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे सबंध राज्यात, शिखरावर तंबू ठोकून राहिलं तरी, उंचीवरचा खरा सराव होत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या शिबिरांच्या जाहिरातींत ‘हाय अल्टिट्यूड’ असं छापतात. थंड हवा, उसाचा रस आणि स्ट्रॉबेरी यांसाठी खुशाल जावं. रक्तासाठी नव्हे.

या बाबतीत अमेरिकेतला एक प्रयोग फार बोलका आहे. बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. ३९ धावपटूंचे तीन गट. एक गट २५०० मीटरवर राहिला आणि तिथंच पळाला. दुसरा समुद्रसपाटीवर राहिला आणि तिथंच पळाला. तिसरा गट २५०० मीटरवर झोपला, पण जोराचा सराव करायला रोज खाली, १२५० मीटरवर उतरला. चार आठवड्यांनी पाच हजार मीटरची वेळ सुधारली ती या तिसऱ्या गटाची, सुमारे १३ सेकंदांनी. पहिल्या गटाचं रक्तही वाढलं होतं, तरी वेळ सुधारली नाही. कारण पातळ हवेत माणूस जोरात पळूच शकत नाही. फुप्फुसं कामाला लागतात आणि पाय आळशी होतात. तेव्हापासून ‘राहा वर, पळा खाली’ हा मंत्र झाला. आणि त्यांचं ‘खाली’ म्हणजे १२५० मीटर, जवळजवळ आपली पाचगणी! त्यांच्या तळघरात आपला गच्चीवरचा मजला संपतो.

म्हणून नीलगिरी.

साताऱ्याहून बंगळूरु, तिथून कोइमतूर, मग मेट्टुपाळयम. हा टप्पा बसमध्ये झोपून काढला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हुबळीच्या पुढे कुठंतरी मिळालेला चहा चांगला होता एवढंच. मेट्टुपाळयमला मात्र जागं व्हावं. इथून सकाळी निघणारी नीलगिरीची छोटी गाडी ३२६ मीटरवरून सुटते आणि ४६ किलोमीटरनंतर उदगमंडलम स्थानकात २२०३ मीटरवर थांबते. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत अडकत गाडी चढवतं. २००५ पासून ही गाडी जागतिक वारसा यादीत आहे. वेग एवढा कमी की खिडकीतून झाडाचं पान तोडता यावं. सुपारीच्या बागा, मग जंगल, मग कुन्नूरला एकदम चहाचे मळे आणि निलगिरीच्या झाडांचा वास. कुन्नूर १८५० मीटर. भाचा म्हणाला, “मामा, कळसूबाई खाली राहिली.” खरंच राहिली होती, आणि आम्ही बाकड्यावर बसून वडा खात होतो.

उटी गाव २२४० मीटरवर. क्रीडाविज्ञानात या आकड्याला इतिहास आहे, कारण मेक्सिको सिटीची उंचीही तेवढीच, २२४० मीटर. १९६८ चं ऑलिंपिक तिथं झालं आणि सगळ्या जगाला उंचीची दखल घ्यावी लागली. पातळ हवेत अडसर कमी, म्हणून लांब उडीत बॉब बीमन ८.९० मीटर गेला. छोट्या शर्यतींत विक्रम मोडले. लांबच्या शर्यतींत मात्र समुद्रसपाटीच्या लोकांची दैना उडाली. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क, दहा हजार मीटरचा विश्वविक्रमवीर, सहावा आला आणि रेषेपलीकडे कोसळला. त्याला प्राणवायू द्यावा लागला. ती शर्यत जिंकली केनियाच्या नफ्ताली तेमूनं, आणि १५०० मीटर जिंकली त्याचाच देशबंधू किपचोगे काइनो यानं. डोंगरात वाढलेल्यांना तिथं परकं वाटण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर प्रत्येक देशाचे प्रशिक्षक नकाशात उंच गावं शोधू लागले. आपल्याकडे उटी, आणि हिमाचलात शिमल्याच्या पुढे शिलारू इथलं भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र.

पहिल्या सकाळी उटीत पळायला निघालो. मी चालत, भाचा पळत. वहीतला आकडा १२१. ऑक्सिमीटर बसल्या जागी ९५, आणि त्यानं एक दमदार फेरी मारल्यावर थेट ८९. नाडी नेहमीपेक्षा चढी. रात्री झोपही तुटक लागली होती. नव्या उंचीवर झोपेत श्वास मध्येच मंदावतो आणि माणूस दचकून जागा होतो, ते बऱ्याच जणांना होतं. सांगोल्यात सहज होणारा वेग इथं त्याला जमेना. दीड हजार मीटरच्या वर दर शंभर मीटरला शरीराची प्राणवायू वापरायची कमाल क्षमता साधारण एक टक्क्यानं उतरते, म्हणजे उटीत सात-आठ टक्के वजा. सैनिक असो वा मंत्री, सूट नाही. म्हणून पहिले चार-पाच दिवस नुसतं हळू पळायचं, जोराच्या फेऱ्या बंद, पाणी जास्त प्यायचं (थंडीत तहान लागत नाही, तरीही), असा रिवाज असतो.

याच दिवसांत आत खरी धांदल चाललेली असते. रक्तात प्राणवायू कमी पडतोय हे मूत्रपिंडाला कळतं. पेशी हे कसं ओळखतात याचा शोध विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांनी लावला आणि २०१९ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं. मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतं, हाडांमधल्या मगजाला निरोप जातो की तांबड्या पेशी वाढवा. संप्रेरक काही तासांतच चढतं, एक-दोन दिवसांत त्याची कमाल होते. पेशी मात्र दमानं तयार होतात. पहिल्या आठवड्यात तपासणी केली तर हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं आणि माणूस हुरळतो; पण ती बरीचशी रक्तातलं पाणी कमी झाल्याची करामत असते, नव्या पेशींची नव्हे. खरी वाढ प्रशिक्षक ढोबळमानानं शंभर तासांच्या मुक्कामाला एक टक्का धरतात. तीन-चार आठवडे राहिलं तर हिशेब जमतो. शनिवार-रविवार जोडून आलेल्या माणसाला फक्त चॉकलेटं मिळतात.

मग आणखी वर गेलं तर जास्त फायदा? हा प्रश्न भाच्यानं विचारला तेव्हा मी त्याला अविनाश साबळेचं सांगितलं. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनलाही नेमणूक झाली. तिथल्या चौक्या पाच-सहा हजार मीटरवर आहेत. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब निम्मा होतो. त्या उंचीवर शरीर घडत नाही, झिजतं. भूक मरते, स्नायू उतरतात, झोप जाते. तिथून कुणी धावपटू होऊन येत नाही. साबळे शर्यतींकडे वळला तो त्या नेमणुकीनंतर, सैन्याच्या स्पर्धांतून, आणि पुढे जाऊन त्यानं सराव केला अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्समध्ये, जिची उंची आहे सुमारे १८४० मीटर, आपल्या कुन्नूरएवढी. धावपटूंच्या कामाची उंची अठराशे ते अडीच हजार मीटरच्या पट्ट्यात बसते. त्याखाली परिणाम पुसट, त्यावर नुकसान वाढतं. अडीच हजारांच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ सुरू होते. ती लागली की सराव नाही, खाली उतरणं हाच उपाय.

२०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेनं स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंद अशी वेळ दिली आणि रौप्य मिळवलं. सोनं गेलं ०.०५ सेकंदानं. पुढच्या वर्षी हांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं. उंचीवरच्या सरावाचा फायदा साधारण एक ते दोन टक्के धरतात. आठ मिनिटांच्या शर्यतीत एक टक्का म्हणजे पाच सेकंद. जिथं पदक पाच शतांश सेकंदावर ठरतं तिथं पाच सेकंदांसाठी महिनाभर घर सोडून डोंगरावर राहणं शहाणपणाचं आहे. भाच्याच्या सोळाशे मीटरमध्ये मात्र एक टक्का म्हणजे तीन सेकंद, आणि ज्याचा आठवड्यातला सरावच नेमका नाही त्याला तेवढे नियमित पळूनच मिळतात. दहा किलोमीटर तासाभरात पळणाऱ्या हौशी माणसाला ३६ सेकंद मिळतील. रात्री अकराऐवजी दहाला झोपून तो याहून जास्त मिळवेल असं माझं मत आहे.

शिवाय हा एक टक्काही सगळ्यांना मिळतोच असं नाही. २०१२ मध्ये युरोपात १६ सायकलपटूंवर एक काटेकोर प्रयोग झाला: काहींना कमी प्राणवायूच्या खोलीत रोज सोळा तास ठेवलं, काहींना साध्या हवेच्या खोलीत, आणि कोण कुठं आहे हे ना त्यांना ठाऊक ना तपासणाऱ्यांना. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे जुन्या प्रयोगांतला काही भाग ‘आपण खास शिबिराला आलोय’ या उत्साहाचा असणार. आजही तज्ज्ञांत यावर वाद आहे, आणि मला तो वाद खोट्या खात्रीपेक्षा बरा वाटतो.

उटीच्या बाजारात फिरताना भाच्यानं मोबाइल पुढे केला. तोंडाला लावायचा काळा रबरी मुखवटा, किंमत दोन हजारांच्या घरात, ‘घरबसल्या हिमालय’ अशी जाहिरात. या मुखवट्यानं श्वास घ्यायला जोर लागतो, एवढंच. आत येणाऱ्या हवेचा दाब तोच, रक्ताला काही कळत नाही. फार तर छातीचे श्वसनस्नायू थोडे बळकट होतील. “राहू दे मग,” तो म्हणाला, आणि त्या पैशांत बूट किती येतील याचा हिशेब करू लागला.

एक गोष्ट मात्र उंचीवर येण्याआधी पाहायलाच हवी होती, आणि ती सांगोल्यात पाहता येते: लोह. नव्या तांबड्या पेशी लोहाशिवाय बनत नाहीत. मूत्रपिंड कितीही निरोप धाडो, कोठार रिकामं असेल तर मगज हात वर करतो. म्हणून मोठ्या संघांत शिबिराच्या आधी रक्तातलं फेरिटिन तपासतात, साठा कमी असला तर डॉक्टर आधी तो भरून काढतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पहाटे पळणाऱ्या त्या पोरींपैकी कितीजणी ‘दम लागतो’ म्हणून मैदान सोडतात आणि त्यांना कमी मेहनतीचा शिक्का बसतो, याचा विचार करावा. त्यांना उटी नको, गोळी हवी.

आणि डाळिंब? सांगोल्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. लाल रस, म्हणून रक्त वाढतं, अशी पक्की समजूत. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं ते गोडीसाठी, रंगासाठी. त्याचं कौतुक तेवढ्यावर ठेवावं. लोह आहे ते बाजरीत आणि हुलग्यात, शंभर ग्रॅमला सहा ते आठ मिलिग्रॅमपर्यंत. हुलग्याचं माडगं माणदेशात गरिबाचं जेवण म्हणून मागे पडलं. धावपटूच्या ताटात ते पहिलं हवं. धान्याकडधान्यातलं लोह शरीर सहजी घेत नाही, त्याला आंबट काहीतरी लागतं. वर लिंबू पिळावं, पेरू खावा, त्या जोडीला डाळिंबाचे दाणेही चालतील. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो. जे मटण-कलेजी खातात त्यांचा प्रश्न बराच सोपा होतो.

दुसरी गोष्ट ऊन. उंची देवानं आपल्याला दिली नाही, पण ऊन सढळ हातानं दिलंय. २०१० मध्ये ऑरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकलपटूंना दहा दिवस ४० अंशांच्या खोलीत सराव दिला, तर त्यांची क्षमता उन्हात वाढलीच, पण थंड हवेतही सुमारे पाच टक्क्यांनी वाढली. उष्णतेत रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त फेकता येतं, घाम लवकर सुटतो. पुढच्या सगळ्या प्रयोगांत एवढा फायदा दिसला नाही, तरी उष्णतेची सवय हा आता संघांच्या तयारीचा भाग आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांना ती खोली भाड्यानं घ्यावी लागत नाही. अर्थात याचा अर्थ मेच्या दुपारी बाराला डांबरी रस्त्यावर सोडणं नव्हे, तिथं उष्माघातानं जीव जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटेची धाव हळूहळू आठ-नऊपर्यंत सरकवावी, वेग कमी ठेवावा, सोबत मीठ-साखरेचं पाणी किंवा ताक ठेवावं, आणि गरगरलं की थांबावं. दहा-बारा दिवसांत फरक जाणवतो. हे सगळं उटीत धुक्यात बसून, स्वेटर घालून बोलत होतो.

उतरण्याचंही एक गणित असतं. डोंगरावरून खाली आल्यावर पहिले दोन-तीन दिवस बरे जातात, मग आठवडाभर पाय जड वाटतात, आणि बहुतेक प्रशिक्षक शर्यत साधारण पंधरा ते वीस दिवसांनंतर धरतात. महिन्याभरानंतर कमावलेलं हळूहळू ओसरतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी ठरलेली असते, तिच्यासाठी मागे मोजत शिबिर आखता येतं. भरतीचं काय करणार? जाहिरात निघते, तारीख येते, पाऊस पडतो म्हणून पुढे जाते, निवडणूक लागते म्हणून आणखी पुढे जाते. उटीतून उतरलेल्या पोराचं रक्त मैदान लागेपर्यंत गावच्या बाकीच्यांसारखंच झालेलं असेल. भाच्याला हे सगळ्यात जास्त पटलं. लोह आणि मूत्रपिंड त्यानं ऐकून घेतलं होतं. भरतीची तारीख त्यानं भोगलेली होती.

परतल्यावर तो सरावाला लागला, घाटाऐवजी गावाजवळच्या टेकाडावर आठवड्यातून दोनदा चढाच्या फेऱ्या मारू लागला. मी अकॅडमीच्या सरांना गाठलं. रक्ताच्या तपासणीचं सांगितलं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत, हेही सांगितलं. ते ऐकत होते, मान हलवत होते.

“पोरांचं होईल हो,” ते म्हणाले. “मुलींना दवाखान्यात न्यायचं म्हटलं की घरून फोन येतो, काय झालंय तिला? लग्नाची असते एखादी.”

मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “नर्स मैदानावर येईल का?”

“विचारून बघू.”

“मग उंची मोजायच्या दिवशी ठेवू. भरतीत मुलींना १५५ सेंटिमीटर लागतात ना, त्या दिवशी एकही घरी राहत नाही.”